सातवी बाटली

१९ नोव्हेंबर २००६, रविवार

...तर त्या सकाळी मी ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होते. शेण काढून झालं होतं, सडा टाकून झाला होता, चुलीवर भाताचं आधण होतं. चिमूटभर राख घ्यायची, जुन्या धोतराचा तुकडा काचेत कोंबायचा आणि गरगर फिरवायचा. हात चालत होता आणि तोंडही चालत होतं. चार दिवस कंदील मिणमिण जळत होता आणि मी रेशनवाल्याच्या नावाने खडे फोडत होते की यानेच घासलेटात काहीतरी मिसळलं. हे आवळ्याच्या झाडाला पाणी घालत होते. तिथूनच म्हणाले, "घासलेटाले काऊन शिव्या देतेस? काच पाह्य आधी. चार दिवस पुसली नाईस." मी म्हटलं, तुम्हाला रेशनवाल्याचाच पुळका. मग ते भात खाऊन रोपवाटिकेत कामाला गेले. एवढंच.

असल्या हजार सकाळी झाल्या असतील. ही एकच का आठवते कळत नाही. दीड महिन्याने मेंदूच्या मलेरियाने ते गेले.

ही डायरी त्यांची, २००२ सालची. सप्टेंबरपर्यंत त्यांचं अक्षर आहे. "साग ४०० पिशव्या. बांबू २५०. पाणी दिले." पुढची पानं कोरी. चार वर्षं ट्रंकेत होती, आज काढली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिते आहे. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांवर आणि सिंदेवाहीच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालं. लिहायची सवय नाही. पण गुरुवारी आमच्या शेडमध्ये एक मशीन येणार आहे आणि इंदुताई म्हणाल्या, "गिरजा, तुले लिहिता येते, तू लिहून ठेव काय काय होते ते." इंदुताई आमच्या गटाच्या अध्यक्ष. गटाच्या वहीत जे लिहायचं ते लिहीन. बाकीचं इथे.

गटात आम्ही सात बायका, आवळ्याचं सरबत करतो. फळ जिचं तिचं, चूल एक. प्रत्येकीच्या बाटलीवर तिच्या नावाचं लेबल असतं. माझ्या लेबलवर "सौ." छापून आलं होतं, ते मी ब्लेडने खरवडलं. खाली "गिरजा निकुरे" एवढंच राहिलं. नाव छापलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

साडेसहाला शेडवर पोचले. शेजारच्या पोचूकडून किल्ली घेतली, झाडलं, पाणी भरलं, लाकडं रचली. मग इंदुताई येईपर्यंत पायरीवर बसले. त्या पावणेआठला आल्या. समोर लाकडं, समोर काडेपेटी, आणि मी बसलेली. कामाच्या दिवशी सव्वा तास वाया. त्यांनी चुलीला हळदकुंकू वाहिलं, काडी लावली, तेव्हा कुठे काम सुरू झालं. अध्यक्ष झालं की उशिरा यायचा परवानाच मिळतो काय?

मशीन दहाला आलं. आणणारी मुलगी शाजिया, चंद्रपूरची. वडील रेडिओ दुरुस्त करतात. ही एका कॉलेजात शिकते, तिथल्या सरांनी तिला पाठवलं. नागपूरच्या ज्या दुकानात आमचं सरबत जातं, त्यांना आता बाटलीवर नंबर पाहिजे. आवळ्यात अँटिऑक्सिडंट म्हणून काही असतं, त्याचा नंबर. ४५ किंवा त्याच्या वर असेल तर माल घेणार, खाली असेल तर नाही.

शाजियाने समजावून सांगितलं. वांगं कापून ठेवलं की काळं पडतं, लिंबू पिळलं की पडत नाही. लिंबात जे आहे ते अँटिऑक्सिडंट. आपल्या अंगालाही हवेने गंज चढतो, ते तो चढू देत नाही.

चंदा म्हणाली, "मंग माह्या सासूले रोज दोन गिलास पाजा लागते. जिभीवर गंज नाई चढला बुढीच्या अजून, पण घुटने गेले."

मशीन म्हणजे एक डबा, त्याला कॉम्प्युटर जोडलेला. डब्यातून तीन वायरी निघतात. एकीला पेनासारखी दांडी आहे, दांडीच्या बुडाशी मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. तोच सेन्सर. सरबत पाण्यात पातळ करून लहान पेल्यात घ्यायचं, दांडी आणि वायरी त्यात बुडवायच्या. वीज सोडली की पडद्यावर रेघ चढते, टेकडी होते, उतरते. टेकडी जेवढी उंच तेवढं द्रव्य जास्त.

इंदुताईंनी नारळ फोडला. डब्याला हळदीचं बोट लावायला गेल्या तर शाजिया ओरडलीच. "ताई, हळद नको! हळदीत पण अँटिऑक्सिडंट असते, सगळे नंबर बिघडतील." चंदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

वीज दहा ते एक एवढीच असते म्हणून शाजियाची घाई. सकाळी एकदा तिने पांढऱ्या पावडरीवर, मऊ कापडावर तो ठिपका घासला. मग बाटल्या ओळीने घेतल्या. एकेक झाली की दांडी पाण्याने खळबळायची आणि पुढची. इंदुताई ६१, चंदा ५६. मग ५४, ५१, ४९. पत्रूची बायको ४६. शेवटी माझी ४१.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं, "निकुरे ४१." अक्षर बरं आलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नीट झाली नाही. आज विहिरीचं पाणी चाखलं, गाळणं उकळलं, बरण्या उन्हात टाकल्या. त्या मुलीचा राग येतो आणि तिचा काही दोष नाही म्हणून आणखी राग येतो.

झाड पंधरा वर्षांचं आहे. रोपवाटिकेत वाकडं म्हणून बाजूला टाकलेलं रोप यांनी उचलून आणलं होतं. अजूनही जरा उत्तरेकडे कललेलं आहे. यांच्या हातची राहिलेली वस्तू म्हणाल तर ही डायरी आणि ते झाड. त्यातल्या झाडाला एक्केचाळीस मार्क पडले.

३० नोव्हेंबर, गुरुवार

या वेळी एकही फळ डागी घेतलं नव्हतं. धुतल्यावर फडक्याने कोरडं केलं. पाण्याचा थेंब जास्त नाही.

३९.

चंदाच्या गाईला वासरू झालं, त्यामुळे ती उशिरा आली, तिची बाटली पाचवी लागली. तिचा नंबर ५६ वरून ४८ वर आला. म्हणते, साखर ओली होती. पत्रूची बायको बरोबर ४५, काठावर वाचली. इंदुताई ६०.

धनराजभाऊ टेम्पो घेऊन उभेच होते. आमचा माल तेच नागपूरला नेतात आणि शाजियालाही सिंदेवाहीच्या स्टँडवरून तेच आणतात. वहीत डोकावून म्हणाले, "मावशी, पाणी मारून राह्यली का? सांगून टाका ना. एवढं काय त्यात, दूधवाले बी मारतेत."

सगळ्यांसमोर म्हणाले. हसत म्हणाले. चंदाच म्हणाली, "काहो धनराजभाऊ, तुमच्या टेम्पोत डिझेल कमी अन् धूर जास्त, ते कायचं पाणी मारता तुमी?"

इंदुताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नको. एकट्या बाईच्या हातून होते कमीजास्त. आणखी एक गुरुवार पाहू. त्यात बी पंचेचाळीसच्या खाली आला, तर तुझं लेबल थांबवा लागते. तू बाटल्या धुवाले येत जाय, गट काही तुले सोडत नाई."

बाटल्या धुवायला. मी पाणी घालते असं गावभर होईल, आणि मी बाटल्या धुवायला जाईन.

२ डिसेंबर, शनिवार

दिवसभर वीज नाही. बोटं दुखतात, चिकनगुनिया जाऊन तीन महिने झाले तरी सकाळी मूठ वळत नाही. शेळीने वाळत घातलेली आवळ्याची सुपारी खाल्ली. तिला गंज चढणार नाही.

४ डिसेंबर, सोमवार

आज एक काम केलं, ते लिहू की नको असं झालं होतं.

जंगू जंगलातून आवळे घेऊन बाजारात बसतो, त्याच्याकडून दोन पायल्या आवळे घेतले. बोराएवढे, पण जीभ आवळून टाकणारे. तो म्हणाला, "बाई, तुमच्या घरी तं झाड हाय. आपल्या झाडाले सोडून मायाकडे काऊन?" मी म्हटलं, झाड म्हातारं झालं. तो म्हणाला, "पंधरा वर्साचा आवळा म्हातारा? मंग तुमी-आमी काय झालो?"

घरी आले तर झाड समोरच उभं. फांद्या वाकल्या आहेत इतकं लागलं आहे. मी मागच्या दाराने आत गेले. माणसाला तोंड चुकवावं तसं झाडाला चुकवलं.

७ डिसेंबर, गुरुवार

आज इंदुताईंची वाट पाहत दीड तास पायरीवर. थंडीत. आल्यावर म्हणतात, "काऊन गारठून बसलीस, आत शेकत बसायचं ना." कशाजवळ शेकू? चूल तर पेटलेली नाही. लाकडं मीच रचून ठेवली होती.

जंगूच्या आवळ्याचं सरबत नेलं. ओळीत ठेवलं. इंदुताईंची पहिली, मग ज्या आल्या तशा, शेवटी माझी.

४२.

माझ्या झाडाचं फळ ४१ आणि ३९, जंगलातलं फळ ४२. आता फळाला कसा दोष देऊ? मग माझ्या हातातच काही आहे का? हात बघत बसले. शाजिया दांडी पुसत होती. सकाळी तो काळा ठिपका आरशासारखा चमकत होता. आता त्यावर तपकिरी झाक होती. मी म्हटलं, "मळलं वाटते." ती म्हणाली, "नाही काकू, पाण्याने धुतलं ना मी." तिची एकची गाडी होती.

इंदुताईंनी सांगितलं, पुढच्या गुरुवारपासून सहाच बाटल्या. आवाज अगदी गोड होता. धनराजभाऊंनी माझी बिनविकलेली खोकी टेम्पोतून परत उतरवून दिली. एका खोक्यावर पाण्याचा डाग होता, तो त्यांनी मला बोटाने दाखवला.

११ डिसेंबर, सोमवार

सकाळी कंदिलाची काच पुसत होते. भारनियमन आहे तोवर कंदील सुटत नाही. राख घेतली, फडकं कोंबलं, फिरवलं. अर्धी काच स्वच्छ झाली, अर्धी काजळलेली राहिली, आणि माझा हात थांबला.

घासलेट तेच. काच पहा आधी.

डायरी काढली आणि मागचे तिन्ही गुरुवार समोर ठेवले. पहिली बाटली सगळ्यांत वर, शेवटची सगळ्यांत खाली, तिन्ही वेळा. चंदा दुसरी होती तेव्हा ५६, पाचवी लागली तेव्हा ४८. साखर कसली ओली! आवळ्याने सुरीसुद्धा काळी पडते, पाण्याने धुऊन ती निघते का? मग त्या ठिपक्याचं काय होत असेल? दर बाटलीचा थर पुढच्या बाटलीच्या आड येतो.

इतकं साधं. तीन आठवडे मी विहीर, गाळणं, झाड, स्वतःचे हात सगळ्यांना शिव्या दिल्या. यांनी ऐकलं असतं तर हसले असते. हसण्याचा आवाज आठवून पाहिला. नीट आठवला नाही, याची जास्त चीड आली.

मागच्या दाराने न जाता झाडाखालून गेले. पाणी घातलं. थंडीत तेवढ्या पाण्याची गरज नव्हती.

१४ डिसेंबर, गुरुवार

बोलावणं नव्हतं तरी माझी बाटली घेऊन गेले. लाकडं रचली, पायरीवर बसले. चंदा आली तर म्हणाली, "आज तुमची पाळी बाटल्या धुण्याची हाय ना वो गिरजाबाई?" मी म्हटलं, पाहू.

दहाला शाजियाने ठिपका घासला. इंदुताईंनी बाटली पुढे केली. ६०. मी म्हटलं, "आता हीच बाटली परत घे."

"काऊन?" इंदुताई म्हणाल्या.

"घे तर खरी. हीच बाटली सात वेळा घे."

शाजिया वैतागली. "काकू, एक वाजता लाईट जाते. अन् मशीन झूठ नाही बोलत."

मी म्हटलं, "खोटं नाही बोलत, बाई. पण तोंड न धुता बोलते."

तिने दांडीचं बूड वर करून उजेडात धरलं. मग इंदुताईंच्या बाटलीतलं सरबत पुन्हा पेल्यात घेतलं. ५६. पाण्याने खळबळली. ५२. ४९. ४६. पत्रूची बायको बोटांवर मोजत होती. ४३. सातव्या वेळी टेकडी वर चढलीच नाही, लहानसा बांध झाला. ४०.

चंदाने पदर तोंडाला लावला. "अगे माय, इंदुताई! किती पाणी मारता वो तुमी?"

इंदुताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. धनराजभाऊंना एकदम टेम्पोची हवा तपासावीशी वाटली.

शाजियाचे डोळे भरून आले. म्हणाली, सर म्हणाले होते सकाळी एकदा घासलं की पुरे, पावडर थोडीच आहे, आणि तिने दर गुरुवारी फक्त पहिल्या बाटलीआधीच मशीन तपासून पाहिलं होतं. "आवळ्यातलं ते तुरट द्रव्य चिकटते, हे मला समजायला पाहिजे होतं काकू. माझी चूक आहे." मी म्हटलं, पावडर संपली तर माझ्याकडे राख आहे. ती रडता रडता हसली. "राख नको, ओरखडे पडतील."

मग तिने दर बाटलीआधी ठिपका घासला. वेळ लागला. पत्रूची बायको ५७. चंदा ५९. माझी, माझ्या झाडाची, ५८.

इंदुताईंची पुन्हा घेतली, ६०. माझ्यापेक्षा दोन जास्तच. ते मात्र मला आवडलं नाही. पण वहीत लिहिलं.

शाजिया तिच्या वहीत जुने नंबर खोडत होती. कोणाची बाटली कितवी होती ते विचारून लिहीत होती. मग तिने मान वर केली. "काकू, तुमची दर वेळी शेवटीच कशी?"

चंदा पेले धुवायला लागली. इंदुताई बांगड्या मागेपुढे करत होत्या. पत्रूची बायको खाली पाहत होती.

मी म्हटलं, "मीच ठेवते."

खरंच आहे ते. मला कोणी कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सगळ्या बाटल्या ठेवत होत्या, माझा हात आपोआप थांबला. चार वर्षांत हाताला सवय झाली. पहिलं हळदकुंकू, पहिली काडी, पहिली बाटली सवाष्णींना सोडून द्यायची. मी तीन आठवडे शोधत होते माझ्या हातात काय आहे ते.

शाजियाला ते कळलं की नाही माहीत नाही. ती म्हणाली, पुढच्या वेळेपासून चिठ्ठ्या टाकू, कोणती आधी, कोणती नंतर. सगळ्या हो म्हणाल्या. इंदुताई जाताना म्हणाल्या, "लेबल तुझं राहीन, गिरजा. धनराजभाऊले मी बोलतो." मग चप्पल घालता घालता म्हणाल्या, "उद्या मले यायले उशीर होईन. लेकीकडे जाणं हाय." नेहमी इतकं सांगून उशिरा येत नाहीत.

धनराजभाऊंनी माझी खोकी स्वतः उचलून टेम्पोत ठेवली, डागाची बाजू आत करून.

१५ डिसेंबर, शुक्रवार

साडेसहाला शेडवर गेले. पोचूकडून किल्ली घेतली, झाडलं, पाणी भरलं, लाकडं रचली. चूल पेटवली आणि माझे आवळे शिजायला ठेवले.